पाच मीटर सुतळी आणि चाळीस चिंचोके

शाळांत जाऊन मी मुलांना वन्यप्राण्यांविषयी सांगते. पहिल्या तासाला मी तयारी केली ती भाषणाची. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली एक शाळा, सहावीचा वर्ग. पडद्यावर माळढोक, गिधाड, घडियाल, आणि प्रत्येकाखाली लाल अक्षरांत ‘अतिसंकटग्रस्त’. वीस मिनिटांनी मागच्या बाकावरून आवाज आला, "ताई, सगळे मरणारच आहेत, तर आम्ही काय करू?" जिवाजी विद्यापीठातली माझी प्राणिशास्त्राची एम.एस्सी. तिथे काही कामाला आली नाही.

म्हणून या कामात नव्यानं येणाऱ्यांना सांगते, यादी घरी ठेवा. एकच प्राणी घ्या, तोही जवळचा. ग्वाल्हेरकरांना घडियाल आहे; मुरैना ओलांडलं की चंबळ. आपल्या मराठी घरांतल्या पोरांना आजीमुळे ‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’ पाठ असतं, पण ती सुसर इतकी शेजारी राहते हे ठाऊक नसतं. (मगर आणि सुसर यांत आजीचाही गोंधळ असतो. जबडा लांब, चिमट्यासारखा असला की सुसर, म्हणजे आपलं घडियाल.)

माझ्या पिशवीत पाच मीटर सुतळी असते. व्हरांड्यात ती ताणायची आणि मुलांना तिच्या कडेनं डोक्याला पाय लावून झोपवायचं. सहावीची चार मुलं लागतात, चौथ्याचे पाय बाहेर येतात. एवढा मोठा नर. मग फूटपट्टी: अंड्यातून निघालेलं पिल्लू तिच्याहून थोडंसंच लांब. नराच्या नाकावर घड्यासारखी गाठ असते, त्यावरून नाव पडलं. कागदाच्या सुरळीला छोटं मडकं लावून दिलं, की सगळा वर्ग गुरगुरतो. शेजारच्या वर्गातल्या बाई येऊन बघून जातात.

मग चाळीस चिंचोके. एका घरट्यात साधारण एवढी अंडी, मार्च-एप्रिलमध्ये वाळूत पुरलेली. एक मुलगा कोल्हा, एक मुलगी घोरपड. दोघं उचलत जातात. उरलेल्यांतून जूनच्या आसपास पिल्लं निघतात आणि लगेच पावसाळ्याचा पूर येतो. तो मी स्वतः ओंजळीनं आणते. हातात दोन-तीन चिंचोके उरले की वर्ग गप्प होतो. तेव्हाच देवरीची गोष्ट काढायची: मुरैन्याजवळच्या त्या केंद्रात नदीकाठची काही अंडी आणून उबवतात आणि पिल्लं सुमारे 1.2 मीटरची झाली की चंबळेत सोडतात. तेवढ्या लांबीची काठी मी उभी धरते. एवढं का वाढवायचं, हे मुलंच सांगतात.

तारखा थोड्याच ठेवते: 1979 चं चंबळ अभयारण्य, तीन राज्यांत पसरलेलं, 2007 मध्ये घडियालाची अतिसंकटग्रस्तांत नोंद. त्याच हिवाळ्यात शंभराहून जास्त घडियालं मेली, ते नववीच्या पुढेच सांगते.

पैशाचं म्हणाल तर चहा, प्रमाणपत्र, क्वचित रिक्षाभाडं. मी शिकवण्या घेते म्हणून चालतं. तास चाळीस मिनिटांचा म्हणतात, हाती अठ्ठावीस येतात.

अवघड प्रश्न मात्र चुकत नाहीत. वाळू उपशानं घरटी जातात, असं मी सांगत होते. एका मुलानं हात वर केला. "आमच्या घराचं काम चालू आहे. ती वाळू चंबळची असेल?" वर्गशिक्षिका माझ्याकडे बघू लागल्या. मी म्हटलं, "असू शकते. मला माहीत नाही." बाबांचं नाव न घेता ट्रक कुठून येतात, रात्रीच का येतात, एवढंच बोललो. त्या शाळेचं पुढचं बोलावणं यायला दीड वर्ष लागलं. तेव्हा तो मुलगा आठवीत होता आणि चिंचोके वाटायला पुढे आला.

नदीवर न्यायचं असेल तर थंडीत, दुपारी अकराच्या पुढे. घडियालं ऊन खात पडलेली असतात. एप्रिलमध्ये काठावरच्या वाळूत मुलांना उतरवू नका. सहा मुलांमागे एक दुर्बीण पुरते, फक्त भांडण सोडवायची तयारी ठेवा.