मुलांच्या शैक्षणिक संगणक-खेळात पडून राहिलेली सामग्री आणि आवृत्त्यांमधील फरक कसे शोधावेत

मुलांच्या जुन्या शैक्षणिक खेळांच्या सीडींवर कधीही पडद्यावर न येणारी चित्रे आणि कधीही न ऐकू येणारी वाक्ये पडून असतात, हे आता अनेकांना ठाऊक आहे. ती शोधायची कशी, याविषयी मिळणारा सल्ला मात्र बहुतेक वेळा ‘फाइल उघडा आणि खेळताना न दिसलेले सारे न वापरलेले समजा’ एवढाच असतो आणि तो साफ चुकीचा आहे. या लेखात मी ह्युमंगस एंटरटेनमेंटच्या खेळांच्या आधारे पद्धत सांगणार आहे. रॉन गिल्बर्ट आणि शेली डे यांनी १९९२ मध्ये स्थापन केलेल्या या अमेरिकन कंपनीचे पट-पट, फ्रेडी फिश व पजामा सॅम यांचे खेळ, तसेच बझी नावाच्या किड्याबरोबर शेत, विमानतळ आणि जंगल दाखवणारे माहितीपर खेळ ‘स्कम’ या इंजिनावर, म्हणजे खेळ चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामवर, बेतलेले आहेत. त्या इंजिनाची रचना अभ्यासकांनी पुरती उकलली आहे आणि लागणारी साधने विनामूल्य मिळतात, त्यामुळे नवशिक्याने दुसरीकडून सुरुवात करू नये.

सीडी मिळवणे अवघड नाही. मुंबईच्या चोर बाजारात आणि माटुंग्याच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे चिकाटीने पाहावे, त्याहीपेक्षा नातेवाइकांच्या माळ्यावर शोधावे. अमेरिकेतल्या काकांनी आणलेली एक प्रत आणि इंग्लंडहून किंवा आखातातून आलेली दुसरी प्रत एकाच कुटुंबात असणे मुंबईत अशक्य नाही आणि तुलनेसाठी असा जोड सोन्याहून मोलाचा ठरतो. जर्मनीतून आलेल्या सीडीवर फ्रेडीचे नाव फ्रित्सी असते आणि फ्रान्समधल्या सीडीवर मारिन मालिस, हे लक्षात ठेवावे, नाहीतर हवी ती प्रत हातातून निसटते. पावसाळ्यातल्या दमट हवेने बुरशी धरली असल्यास मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावे, गोल फिरवून कधीही पुसू नये. ड्राइव्ह नसेल तर बाहेरून जोडायचा लॅमिंग्टन रोडवर मिळतो.

आता सीडीची प्रतिमा, म्हणजे संपूर्ण सीडीची एका फाइलमधली तंतोतंत नक्कल, घ्यावी. फाइली माउसने ओढून फोल्डरमध्ये टाकणे म्हणजे प्रतिमा घेणे नव्हे. त्या काळातल्या अनेक सीडींवर विंडोज आणि मॅकिंटॉश असे दोन भाग शेजारी असत आणि विंडोज मॅकिंटॉशचा भाग दाखवतच नाही. सीडीवर गाण्यांचे स्वतंत्र ट्रॅक असतील तर नुसत्या आयएसओ फाइलमध्ये ते येत नाहीत, म्हणून बिन आणि क्यू या प्रकारच्या दोन फाइलींची जोडी करून घ्यावी. प्रतिमेचा चेकसम, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा, लगेच लिहून ठेवावा.

पुढे मुख्य फाइली उघडाव्यात. नावाच्या शेवटी ‘एचई०’ (HE0) असलेली फाइल ही सूची, ‘एचई१’ मध्ये चित्रे, दृश्ये आणि स्क्रिप्ट (खेळात काय घडावे ते सांगणारे आदेश), तर ‘एचई२’ मध्ये बोलण्याचे आवाज असतात. हेक्स संपादकात, म्हणजे फाइलमधले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या साधनात, फाइल पाहिल्यावर वाचण्याजोगे काही दिसत नाही, पण इंग्रजी छोट्या ‘आय’च्या लांबच लांब रांगा दिसल्या तर घाबरू नये. ‘एचई०’ आणि ‘एचई१’ मधल्या प्रत्येक बाइटवर हेक्स ६९ ने एक्सऑर (पुन्हा केली की मूळ मूल्य परत देणारी बिटांची क्रिया) केलेले असते, म्हणून जिथे मुळात शून्ये होती तिथे ‘आय’ उमटतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या दोन-चार ओळींनी तीच क्रिया पुन्हा केली की फाइल मोकळी होते. मग नटक्रॅकरसारख्या साधनाने दृश्ये आणि स्क्रिप्ट वेगळ्या काढाव्यात आणि स्क्रिप्ट डीस्कम या साधनाने वाचनीय करून घ्याव्यात. डीस्कमला इंजिनाची नेमकी आवृत्ती सांगावी लागते, ती चुकली तर समोर येणारा मजकूर निरर्थक असतो.

इथपर्यंत कोणीही पोहोचतो. खरी कसोटी यापुढे आहे, मी स्वतः सर्वाधिक काळ इथेच अडकलो होतो आणि बहुतेक चुकीचे ‘शोध’ही इथेच जन्माला येतात.

एखादी गोष्ट खेळात दिसली नाही, यावरून ती वापरलेली नाही असे सिद्ध होत नाही. फ्रेडी फिशमध्ये शोधायच्या वस्तू प्रत्येक नव्या डावात वेगळ्या ठिकाणी ठेवल्या जातात, त्यामुळे एका डावात काही दृश्यांचा अर्धा भाग उलगडतच नाही. त्यात भर म्हणजे या खेळांत झाड, दगड, खिडकी अशा कशावरही क्लिक केले की काही ना काही गंमत घडते, आणि तीच वस्तू पुन्हा क्लिक केल्यावर दुसरीच गंमत घडू शकते. लहान मूल एकाच फुलावर अर्धा तास क्लिक करत बसते. मोठी माणसे तसे करत नाहीत आणि मग ‘हे ॲनिमेशन कुठेच नाही’ असे ठामपणे लिहून मोकळी होतात. खेळून मिळालेला पुरावा एकाच दिशेने चालतो. दिसले तर वापरलेले आहे, एवढेच त्यावरून म्हणता येते.

त्यामुळे पुरावा स्क्रिप्टमध्येच शोधावा लागतो आणि तिथे दुसरा सापळा असतो. समजा, आवाज क्रमांक ३०४ तुम्हाला अनोळखी वाटला आणि सर्व स्क्रिप्टमध्ये ३०४ हा आकडा कुठेच सापडला नाही. एवढ्यावर निष्कर्ष काढू नये. स्क्रिप्टमध्ये ‘३०० अधिक १ ते ५ मधली कोणतीही यादृच्छिक (रँडम) संख्या’ असे लिहिलेले असू शकते. तेव्हा ३०१ पासून ३०५ पर्यंतचे सर्व आवाज वाजतात, पण त्यांपैकी एकाचाही आकडा लिहिलेला आढळत नाही. म्हणून केवळ तो आकडा नव्हे, तर त्याच्या आसपासच्या गोल संख्या, तक्ते आणि आवाज सुरू करणाऱ्या प्रत्येक आदेशाला मिळणारे मूल्य तपासावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण याला पर्याय नाही. शिवाय ज्या स्क्रिप्टमध्ये आकडा सापडला ती स्क्रिप्ट तरी कोणी सुरू करते का, हेही पाहावे लागते, कारण कोणीच न बोलावलेल्या स्क्रिप्टमधला उल्लेख म्हणजे वापर नव्हे.

बोललेल्या वाक्यांची तपासणी त्या मानाने अधिक पक्की करता येते आणि ही युक्ती फारसे कोणी सांगत नाही. या इंजिनाच्या नंतरच्या खेळांत संवादाच्या मजकुरातच आवाजाच्या फाइलमधली सुरुवातीची जागा आणि लांबी आकड्यांत लिहिलेली असते. सर्व स्क्रिप्टमधून हे आकडे गोळा करून चढत्या क्रमाने मांडावेत आणि आवाजाच्या फाइलवर त्यांची व्याप्ती आखावी. जो भाग कोणत्याही संवादाने व्यापलेला नाही, तिथे कोणी न बोलावलेले वाक्य पडून असण्याची शक्यता दाट असते. तो भाग कापून ऑडॅसिटी या ध्वनी-संपादकात कच्चा डेटा म्हणून ११०२५ हर्ट्झ, ८ बिट, चिन्हविरहित (अनसाइन्ड) आणि मोनो अशा मांडणीने उघडून ऐकावा.

हे जुने खेळ आजच्या संगणकावर चालवणाऱ्या स्कमव्हीएम या प्रोग्रामच्या डीबगरमधून (चुका शोधण्याच्या सोयीतून) थेट एखाद्या दृश्यात उडी मारून चित्र टिपण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. दृश्य पाहण्यासाठी ते ठीक आहे, पुरावा म्हणून मात्र त्याची किंमत शून्य आहे. आधीच्या घटनांनी भरायची मूल्ये रिकामी राहिल्याने पात्रे गायब होतात, वस्तू भलत्या जागी दिसतात, आणि त्या मोडतोडीलाच लोक ‘अर्धवट सोडलेले दृश्य’ म्हणून मोकळे होतात.

प्रादेशिक तुलना करताना पहिला नियम असा की दोन्ही प्रती एकाच काळातल्या आणि एकाच संगणक-प्रणालीच्या असाव्यात. पट-पटचा पहिला खेळ १९९२ मध्ये डॉससाठी आला आणि पुढे विंडोजसाठीही निघाला, त्यामुळे अमेरिकन डॉस प्रत आणि ब्रिटिश विंडोज प्रत शेजारी ठेवून मिळालेला फरक देशाचा नसून काळाचा असू शकतो. एक सीडी म्हणजे एक भाषा, असेही गृहीत धरू नये. ब्रोडरबंड कंपनीच्या लिव्हिंग बुक्स मालिकेतल्या १९९२ च्या पहिल्या सीडीवर इंग्रजी, स्पॅनिश आणि जपानी या तिन्ही भाषा एकत्र होत्या.

दोन भाषांच्या आवाजाच्या फाइली बाइटशी बाइट जुळवण्याच्या फंदात पडू नये. अनुवादित वाक्याची लांबी बदलली की त्यापुढच्या प्रत्येक वाक्याची जागा सरकते आणि तुलनेचे साधन जवळजवळ सगळीच फाइल वेगळी असल्याचे सांगते. तुलना स्क्रिप्टची करावी, तीही आकडे बाजूला ठेवून, संवादांच्या क्रमाने. शैक्षणिक खेळात खरे फरक अक्षरे, स्पेलिंग, नाणी, मापे आणि तारखेची मांडणी यांपाशी सापडण्याची शक्यता अधिक, म्हणून ती दृश्ये आधी उघडावीत. जर्मन किंवा फ्रेंच प्रतीत एखादे वाक्य इंग्रजीतच राहिले असेल तर त्याकडे विशेष लक्ष द्यावे. अनुवादासाठी पाठवलेल्या यादीत ते नव्हते, म्हणजे मूळ खेळातही ते वापरात नसावे, असा तर्क करता येतो. हा धागा बळकट आहे, परंतु वर सांगितलेली स्क्रिप्टची तपासणी त्याने टळत नाही.

नोंद करताना प्रत्येक शोधाबरोबर फाइलचे नाव, त्यातली जागा, प्रतिमेचा चेकसम आणि ज्या स्क्रिप्ट तपासल्या त्यांचे क्रमांक लिहावेत, म्हणजे दुसऱ्याला ते पडताळता येते. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये कायदेशीर प्रत असलेल्याला प्रोग्रामचा अभ्यास करण्याची आणि सुरक्षेसाठी प्रत ठेवण्याची मुभा आहे. संपूर्ण सीडी इतरांना वाटण्याची नाही. तेव्हा आवश्यक तेवढे चित्र किंवा आवाजाचा छोटा तुकडाच दाखवावा आणि प्रतिमा स्वतःच्या दोन वेगवेगळ्या डिस्कवर जपून ठेवावी.