डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये पात्रांचे वय मोजताना या चुका टाळा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून पात्रे रंगवण्याच्या खेळाचे कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी कथा, लांबले की खेळातली वर्षे उलटतात, पण कॅरेक्टर शीटवर (पात्राच्या माहितीच्या कागदावर) मात्र पहिल्या सेशनला, म्हणजे बैठकीला, लिहिलेलेच वय राहते. या गोंधळाचे मूळ बहुधा नियमांत नसून नोंदीत असते. शीटवर नुसते वय लिहू नये. जन्माची तारीख आणि वर्ष लिहावे, आणि खेळातली चालू तारीख डीएमने (खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरने) प्रत्येक सेशनच्या शेवटी टिपून ठेवावी. मग वय केव्हाही वजाबाकीने काढता येते.

सर्वांत जास्त काळ निसटतो तो डाउनटाइममध्ये, म्हणजे दोन साहसांमधल्या मोकळ्या काळात. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांनुसार एकट्याने वस्तू घडवताना दिवसाला ५ सुवर्णनाण्यांच्या किमतीइतकेच काम होते; म्हणून १५०० नाण्यांच्या प्लेट आर्मरला (धातूच्या चिलखताला) ३०० दिवस लागतात, आणि नवी भाषा शिकायला आणखी २५०. एखाद्या योद्ध्याने ही दोन्ही कामे एकापाठोपाठ केली, तर टेबलावरच्या पाच मिनिटांच्या बोलण्यात ५५० दिवस, म्हणजे दीड वर्ष, सरलेले असते. तेवढाच काळ म्हाताऱ्या राजाच्या आजारपणाचा आणि शत्रूच्या तयारीचाही गेलेला असतो. पात्राचे वय वाढवून बाकीचे जग जागच्या जागी थांबवून ठेवणे ही माझ्या मते वय विसरण्यापेक्षाही मोठी चूक आहे, कारण त्यामुळे खेळाडूंच्या निर्णयांना किंमतच उरत नाही.

दिवसांची वर्षे करताना आपले कॅलेंडर वापरू नये. फरगॉटन रेल्म्स या खेळातल्या काल्पनिक जगात ३० दिवसांचे १२ महिने आणि सणांचे ५ दिवस मिळून ३६५ दिवस होतात, पण एबेरॉन या दुसऱ्या जगाचे वर्ष २८ दिवसांच्या १२ महिन्यांचे, म्हणजे ३३६ दिवसांचेच असते. वीस वर्षांत हा फरक ५८० दिवसांवर जातो.

दीर्घायुषी वंशांचे वय माणसाच्या प्रमाणात भागून काढण्याची सवयही चुकीची आहे. एल्फ ७५० वर्षांपर्यंत जगतो आणि शंभरीच्या सुमारास स्वतःला प्रौढ म्हणवतो, परंतु त्याचे शरीर साधारण माणसाच्याच वयात पूर्ण वाढते. त्यामुळे पन्नाशीतला एल्फ शरीराने मूल नसतो.

आवृत्त्यांची सरमिसळ टाळावी. साडेतीनव्या आवृत्तीत मानवाला ३५, ५३ आणि ७० व्या वर्षी बळ, चपळता आणि काटकपणा यांत अनुक्रमे १, २ आणि ३ गुणांची घट होते, आणि ही घट साठत जाऊन सत्तरीत एकूण ६ होते. बुद्धी, शहाणपण आणि व्यक्तिमत्त्व मात्र प्रत्येक टप्प्यावर १ गुणाने वाढते. पाचव्या आवृत्तीत असा तक्ता नाही. तो उसना घ्यायचा असेल तर कॅम्पेन सुरू होण्यापूर्वीच सर्वांची संमती घ्यावी, कारण हौसेने वृद्ध जादूगार निवडलेल्या खेळाडूचे गुण मध्येच कापणे अन्यायाचे ठरते.

जादूने वाढलेले वय जन्मवर्षात मिसळू नये. शरीराच्या वयासाठी वेगळा रकाना ठेवावा. २०१४ च्या नियमांतल्या घोस्ट या भुताच्या भेसूर दर्शनाने पात्र एका क्षणात १० ते ४० वर्षांनी म्हातारे होऊ शकते, आणि ग्रेटर रिस्टोरेशन या मंत्राने ते पूर्ववत करायला २४ तासांचीच मुदत असते, म्हणून त्या घटनेची वेळही लिहावी. हाच रकाना त्याच २०१४ च्या नियमांतल्या १८ व्या पातळीच्या ड्रुइडलाही (निसर्गाची जादू करणाऱ्या पात्रालाही) लागतो, कारण त्यापुढे १० वर्षे गेली तरी त्याचे शरीर एकाच वर्षाने वाढते.