घरासाठी नवीन कॉम्प्युटर नेमका कुठून घ्यायचा?

आधी कॉम्प्युटर कशासाठी हवाय ते ठरवा, दुकान नंतर. नुसतं ब्राउझिंग, अभ्यास, ऑफिसचं काम असेल तर ब्रँडेड रेडीमेड घ्या, १६ जीबी रॅम आणि एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान स्टोरेज) बघा, बस झालं. गेमिंग किंवा व्हिडिओ एडिटिंग असेल तर असेंबल करून (सुटे पार्ट जोडून) देणारा माणूस गाठा, पण त्याच्याकडून प्रत्येक पार्टचं नाव आणि मॉडेल नंबर लिहून घ्या, कारण नुसतं "आय फाइव्ह" (इंटेलच्या प्रोसेसरची एक मालिका) म्हणून दहा वर्षांपूर्वीचा प्रोसेसरही गळ्यात मारता येतो, आणि पॉवर सप्लाय तर हमखास स्वस्तातला टाकतात, तिथे अजिबात तडजोड नको.

ऑनलाइन स्वस्त पडतं खरं, पण विकणारा कोण आहे ते बघा, साइट मोठी असली तरी सेलर भलताच असू शकतो. रिटर्न किती दिवस, वॉरंटी कंपनीची की सेलरची, बिघडला तर माणूस घरी येणार की डबा उचलून आपणच न्यायचा, हे पैसे भरायच्या आधी वाचा. दुकानात हेच तोंडी सांगतात, ते बिलावर लिहून मागा, टाळाटाळ केली की दुसरं दुकान बघा. जुना रिफर्बिश्ड (दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला) घेत असाल तर विंडोज ११ चालतं ना ते विचारा, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्येच संपलाय.