रोजच्या खिशातला चाकू: आपल्या हाताला बसणारा कसा शोधावा

दुमडता चाकू पहिल्यांदा घेणारे बहुतेक जण गरजेपेक्षा मोठा, जड आणि दणकट घेतात. दुकानात तो हातात छान वाटतो. महिनाभरात तो कपाटाच्या खणात जातो आणि आलेले पार्सल पुन्हा किल्लीने फाडले जाते. आवडता चाकू म्हणजे जो खिशात राहतो तो, म्हणून निवड कामापासून आणि खिशापासून सुरू करायची. पोलादाचे नाव, ब्रँड, मुठीचा रंग हे सगळे नंतर.

१. आधी काय कापता ते लिहून काढा

आठवडाभर जे जे कापले, फाडले किंवा दाताने तोडले ते मोबाइलवर टिपत जा. दाताने तोडलेले मुद्दाम लिहा, कारण चाकूची खरी गरज तिथेच असते. शहरातली यादी साधारण अशी निघते: कुरिअरच्या खोक्यावरची टेप, दुधाची पिशवी, सुतळी, कपड्याचा लोंबता धागा, प्लॅस्टिकची केबल टाय, पेरू, काकडी, पेन्सिल.

यादीत टेप, पाकिटे आणि धागेच जास्त असतील तर ४ ते ६ सेंटिमीटरचे पाते पुरते आणि सोबत छोटी कात्री असलेली बरी. डब्याबरोबर फळे कापत असाल तर ६.५ ते ८ सेंटिमीटरचे, पातळ आणि न गंजणारे पाते हवे. शेतात किंवा साइटवर दोर, ठिबकची नळी, गोणी कापायची असेल तर पाते उघडल्यावर अडकून राहणारा, म्हणजे लॉकचा चाकू घ्या. कलमे बांधणाऱ्याने मात्र कलमाचा चाकू वेगळाच ठेवावा. त्या चाकूला बहुधा एकाच बाजूने धार असते. ती पुठ्ठ्यावर घालवली तर काप चुरगळतो आणि कलम जीव धरत नाही.

पुठ्ठा दिसतो मऊ, पण धार सगळ्यात लवकर तोच खातो. रद्दीपासून बनलेल्या पुठ्ठ्यात बारीक खनिज कण असतात. यादीत खोकी फार असतील तर धार वरचेवर लावावी लागणार, हे आत्ताच धरून चला.

२. कायदा पाहून लांबी ठरवा

शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रे येतात. घरगुती आणि शेतीच्या अवजारांना त्यातून सूट आहे. खिशातला चाकू यापेक्षा कितीतरी लहान असतो, पण म्हणून तो कुठेही चालतो असे नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी मनाई आदेश काढतात. सण, मोर्चे, निवडणुका यांच्या दिवसांत ते वारंवार निघतात आणि त्यांत चाकूचे नाव स्पष्ट असते. त्या काळात चाकू घरी ठेवा. मेट्रोची तपासणी, न्यायालय, स्टेडियम इथेही तो अडवला जातो. विमानात तो चेक-इन सामानातच टाकायचा. किल्ल्यांच्या जुडग्यात विसरलेला छोटा चाकूही सुरक्षा तपासणीत काढून घेतात.

बटण दाबताच पाते उसळणारा चाकू घेऊच नका. रामपुरीची कीर्ती सिनेमात ठीक आहे. पेरू कापायला तिचा काही उपयोग नाही आणि पोलिसांना समजावताना तर मुळीच नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी नियम वेगळा आहे: तिथे विशेष कारण न देता जवळ बाळगता येतो तो फक्त लॉक नसलेला, दुमडता आणि ३ इंचांच्या आतल्या धारेचा चाकू.

३. वजनाची तालीम करा

ही पायरी जवळजवळ कोणीच करत नाही, आणि तीच सर्वांत जास्त पैसे वाचवते. १० रुपयांचे नाणे सुमारे पावणेआठ ग्रॅमचे असते. अशी आठ नाणी टेपने घट्ट गुंडाळली की साधारण ६० ग्रॅम होतात. मनात असलेल्या चाकूच्या बंद लांबीएवढी पुठ्ठ्याची पट्टी त्यांना जोडा आणि ते गाठोडे ज्या खिशात चाकू राहणार त्याच खिशात काही दिवस वागवा. रिक्षात बसताना मांडीला टोचते का, पातळ सुती पँटचा खिसा लोंबतो का, मोबाइलच्या काचेवर घासते का, हे लगेच कळते. बहुतेकांना ७०-८० ग्रॅमपर्यंत त्रास होत नाही. शंभराच्या पुढे गेल्यावर चाकू पिशवीत जातो आणि पिशवीतला चाकू लागेल तेव्हा जवळ नसतो.

साडी किंवा बिनखिशाचा कुडता नेसणाऱ्या-घालणाऱ्यांनी सरळ किल्लीच्या जुडग्यात मावणाऱ्या आकारापासून सुरुवात करावी.

४. लॉक हवे की नको

लॉक नसलेल्या चाकूत पाठीमागची पट्टीची स्प्रिंग पात्याच्या बुडावर दाबून बसते. पाते उघडे राहते ते तिच्या जोरावर, आणि थोडे जोर लावून ढकलले की मिटते. कापण्याचा दाब धारेकडून पाठीकडे जातो, त्यामुळे सरळ कापताना ते आपोआप मिटत नाही. बोटे कापतात ती टोकाने भोसकताना: डब्याचे झाकण उचकटताना, पट्ट्याला भोक पाडताना. अशा कामांसाठी चाकूतला दाभण वापरा किंवा लॉकवाला चाकू घ्या.

लॉकच्या प्रकारांत लायनर लॉक सर्वांत जास्त दिसतो. मुठीच्या आतली पातळ पट्टी बाजूला सरकून पात्याच्या बुडाखाली अडते. खिशातला कापसाचा गोळा त्या फटीत साचला की पट्टी पुरती सरकत नाही आणि लॉक फसवे होते, म्हणून महिन्यातून एकदा तिथे फुंकर आणि जुना टूथब्रश फिरवावा. पट्टी बुडाच्या कडेवर जेमतेम टेकत असेल, किंवा पार पलीकडच्या भिंतीला जाऊन भिडत असेल, तर तो चाकू परत करा. डावखुऱ्यांना हे लॉक उलटे पडते; त्यांना पाठीवरून दाबायचे बॅक लॉक सोपे जाते.

घरगुती आणि कार्यालयीन वापराला आमचे मत लॉक नसलेल्या चाकूकडे झुकते. तो हलका असतो, साफ करायला सोपा असतो आणि चारचौघांत काढला तर कोणी दचकत नाही.

५. पाते: नावापेक्षा जाडी पाहा

जाहिरातीत पोलादाचे नाव मोठ्या अक्षरांत असते, जाडी कुठेच नसते. कापण्याचा अनुभव मात्र जाडीच ठरवते. पाठीला २ ते २.५ मिलिमीटर जाड आणि धारेकडे सलग निमुळते होत गेलेले पाते पेरूत सरळ उतरते. ३.५-४ मिलिमीटरचे पाते धार कितीही असली तरी पाचरीसारखे वागते: गाजर कापले न जाता तडकते, सफरचंदाची फोड मध्येच उडते. दुकानात व्हर्नियर (जाडी मोजायचे साधन) नेणे शक्य नसेल तर पाते समोरून, टोकाकडून डोळ्याशी धरून पाहा. धारेच्या अगदी मागे ते जाडजूड दिसले तर सोडून द्या.

आकार साधा असावा. टोक किंचित खाली उतरलेले, पोट थोडे गोलाकार, आणि बुडाजवळ सरळ धार एवढे पुरे. दातेरी पाते दोरावर छान चालते, पण घरी धार लावणे कठीण जाते.

पोलादाचे तीन ढोबळ गट लक्षात ठेवा. साधे कार्बन पोलाद दगडावर पटकन धरते आणि बारीक धार घेते. पण कैरी, लिंबू, चिंच लागली की काळे पडते, फोडीला लोखंडी चव येते, आणि कोकणच्या पावसाळ्यात रात्रीत गंजाचे ठिपके धरते. मध्यम स्टेनलेस, म्हणजे ५५ ते ५८ रॉकवेल (पोलादाचा कठीणपणा मोजायचे माप) कठीणतेचे, लवकर बोथटते, पण साध्या दगडावर काही मिनिटांत पुन्हा तयार होते. तिसरा गट ६० च्या पुढच्या कठीण पोलादांचा. धार महिनोन्‌महिने टिकते, पण गेली की डायमंड प्लेटशिवाय (हिऱ्याचे कण बसवलेल्या धार लावायच्या पट्टीशिवाय) परत आणणे कंटाळवाणे होते, आणि बाजूने पिळले तर कड तुटते. त्यातले लोकप्रिय डी-२ पूर्ण स्टेनलेस नाही. समुद्राकाठी राहणाऱ्यांनी हे विसरू नये. पहिल्या चाकूला मधला गट घ्या.

६. तुलनेसाठी मापाचे चाकू

कोणताही चाकू घ्या, पण मोजपट्टी म्हणून हे चार माहीत असावेत. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा क्लासिक एसडी बंद असताना ५८ मिलिमीटर, वजन सुमारे २१ ग्रॅम. छोटे पाते, कात्री, कानस. टेप आणि धाग्यांचे काम असणाऱ्याला यापुढे जायची गरज नसते. त्याच कंपनीचा कॅडेट ८४ मिलिमीटर, पातळ, अ‍ॅल्युमिनियमच्या खरखरीत मुठीचा. घामट हातातून निसटत नाही. स्पार्टन ९१ मिलिमीटर आणि ६० ग्रॅमच्या आसपास. त्यातला बाटलीच्या बुचाचा स्क्रू आपल्याकडे निरुपयोगी समजतात, पण सुतळीची करकचून बसलेली गाठ सोडवायला त्याच्याइतके चांगले काही नाही.

चौथा फ्रान्सच्या साव्हुआ भागातला ओपिनेल. जोसेफ ओपिनेल यांनी तो १८९० मध्ये बनवला, आणि फिरवून पाते अडकवायचे कडे १९५५ मध्ये आले. ७ नंबरचे पाते ८ सेंटिमीटर, ८ नंबरचे ८.५. पाते पातळ असल्याने फळे कापायला याला तोड नाही. अडचण लाकडी मुठीची आहे: पावसाळी दमट हवेत बीच लाकूड फुगते आणि पाते खाचेत घट्ट अडकते. अशा वेळी नखाने ओढत बसू नका. कडे सोडवून मुठीचे बूड लाकडी टेबलावर हलकेच आपटा, पाते थोडे बाहेर येते. कायमच्या उपायासाठी मूठ कोरड्या दिवसांत नीट वाळू द्या, १२० नंबरचा पॉलिश पेपर पट्टीवर दुमडून खाचेच्या आतल्या भिंती थोड्या घासा आणि मग जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात द्या. प्रत्येक हातानंतर एक दिवस वाळवा. तेलाच्या चिंध्या बोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात; पसरून वाळवा आणि मग टाका. घ्यायचाच तर स्टेनलेस पात्याचा घ्या.

७. हातात आल्यावर तपासा

पाते पूर्ण उघडून डावी-उजवीकडे हलवा. खडखड जाणवली तर नको. बंद करून वरून पाहा, पाते मुठीच्या मध्यावर असावे, भिंतीला घासू नये. चाकू उजेडाकडे धरला असता स्प्रिंग आणि मूठ यांच्यात मोठी फट दिसू नये. नखाच्या खाचेत नख घालून सलग पाच वेळा उघडा. नख दुखले तर रोज दुखेल. नखे बारीक कापायची सवय असेल तर अंगठ्याने उघडणारा प्रकार पाहा. स्विस चाकूंच्या नकला भरपूर फिरतात. अस्सल पात्याच्या बुडाशी कंपनीचा सुबक, एकसारखा शिक्का असतो. पुसट किंवा तिरका शिक्का आणि सैल बसलेली कात्री ही नकलेची खूण.

८. धार स्वतः लावा

रस्त्यावरच्या धारवाल्याचे फिरते चाक विळीला ठीक, लहान पात्याला नाही. कोरड्या चाकावर पातळ कड क्षणात तापते, निळसर होते आणि तिथले पाणी, म्हणजे पोलादाचा कठीणपणा, उतरते. मग ती धार टिकत नाही.

४०० आणि १००० ग्रिटचा (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) दुहेरी दगड घ्या. कोन प्रत्येक बाजूने १५ ते २० अंश. अंदाजासाठी कागदाचा काटकोनी कोपरा दोनदा दुमडला की साडेबावीस अंश मिळतात. पाते त्याहून किंचित खाली झुकवून धरा. दगड पाण्याने ओला करून एका बाजूने घासत राहा. पलीकडच्या बाजूला पाठीकडून धारेकडे बोटाचे पेर फिरवल्यावर बुडापासून टोकापर्यंत सलग खरखर लागली, म्हणजे बर आली, की बाजू बदला. बर येण्याआधी बाजू बदलणे हीच सगळ्यांत मोठी चूक असते. मग तासभर घासले तरी धार येत नाही. शेवटी १००० वर हलक्या हाताने आलटून पालटून दहा वेळा घासा, आणि जुन्या चामडी पट्ट्याच्या मागच्या बाजूवर पाठ पुढे ठेवून ओढा. वर्तमानपत्राची कड न अडखळता कापली गेली की झाले.

टेपचा चिकटा पात्यावर बसला तर थोडे रॉकेल किंवा खोबरेल लावून पुसा. बिजागरीत मात्र खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल सोडू नका. काही आठवड्यांत ते चिकट होऊन धूळ धरते. धुऊन, पूर्ण वाळवून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. चाकूने फळे कापत असाल तर त्याऐवजी खाद्य दर्जाचे मिनरल ऑइल वापरा, आणि पाते चार-पाच वेळा उघडझाप करून बाहेर आलेले तेल पुसून टाका.