सीडी वाचते, पण डीव्हीडी वाचत नाही?

लग्नाची डीव्हीडी टाकली की ड्राइव्ह नुसता घरघरतो, आणि जुन्या गाण्यांची सीडी मात्र बिनतक्रार वाजते. असं होत असेल तर ड्राइव्ह लगेच भंगारात काढू नका. सीडीला ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेझर लागतो, डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल. एक थकला तरी दुसरा चालू राहतो.

आधी विकत आणलेली छापील डीव्हीडी लावून पाहा. ती चालली तर लेझर बहुधा ठीक आहे, संशय बर्न केलेल्या, म्हणजे कोऱ्या डिस्कवर लेझरने लिहून बनवलेल्या डिस्कवर घ्या. तिच्यातला रंगद्रव्याचा थर ऊन आणि उष्णतेने खराब होतो. री-रायटेबल, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी डिस्क तर मुळातच प्रकाश कमी परावर्तित करते. रेकॉर्डरवर बनवलेली डिस्क ‘फायनलाइज’ करायची, म्हणजे इतर यंत्रांना वाचता यावी म्हणून शेवटी बंद करायची राहिली असेल, तरी संगणक ती रिकामी दाखवू शकतो.

डिस्क मऊ सुती कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा. गोल कधीच नाही! गोल ओरखडा डेटाच्या वाटेवरच लांबत जातो आणि ड्राइव्हच्या चूकदुरुस्तीला तो झेपत नाही.

बाहेरून जोडायचा ड्राइव्ह असेल तर हब (एका यूएसबीला अनेक वस्तू जोडणारी डबी) काढून थेट संगणकाच्या यूएसबीला लावा. कमी वीज मिळाली तरी तो अडखळतो. तरीही नाहीच जमलं, तर पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत दुसरा ड्राइव्ह बघा. जाताना न चालणारी डिस्क सोबत न्या, दुकानातच लावून बघा, आणि वाचली की त्याच दिवशी हार्ड डिस्कवर उतरवा.