जुना ट्रान्समीटर, नवं मॉड्यूल: सोल्डरिंगच्या आधीचे उद्योग

मॉडेल विमानं उडवायच्या माझ्या जुन्या सहा चॅनेलच्या (म्हणजे सहा वेगवेगळ्या गोष्टी हलवणाऱ्या) ट्रान्समीटरच्या, म्हणजे रिमोटच्या, स्टिक्स आजही लोण्यासारख्या फिरतात. बिघडलं काहीच नव्हतं, फक्त जमाना बदलला होता. 35 किंवा 72 मेगाहर्ट्झच्या त्या काळात प्रत्येकाचा क्रिस्टल, म्हणजे फ्रिक्वेन्सी ठरवणारा तुकडा, वेगळा लागायचा. एकाच क्रिस्टलवर दोघांनी रेडिओ चालू केले, की एकाचं तरी विमान मातीत जायचं. 2.4 गिगाहर्ट्झची मॉड्यूल्स (सिग्नल पाठवणारे तयार सुटे भाग) सतत फ्रिक्वेन्सी बदलत राहतात, त्यामुळे ती कटकटच संपली. म्हटलं, हात याच स्टिक्सवर बसलाय, तर आतला रेडिओच बदलू.

सोल्डरिंगला वीस मिनिटं लागली. त्याआधी तीन शनिवार-रविवार गेले, ते कशात गेले हे सांगतो.

जुन्या रेडिओत साधारण दोन भाग असतात. एक भाग स्टिक्सच्या जागा वाचून त्यांचा सिग्नल बनवतो आणि दुसरा, म्हणजे आरएफ बोर्ड, तो हवेत सोडतो. दोघांच्या मध्ये जो सिग्नल जातो तो पीपीएम. आपल्याला तेवढाच हवा असतो. माझ्या रेडिओत मागच्या आरएफ बोर्डाकडे तीन वायरी जात होत्या. बॅटरी आणि ग्राउंड लगेच सापडल्या. तिसरीवर मल्टिमीटर लावला, स्टिक पूर्ण वर-खाली केली, आकडा ढिम्म हलेना. ही वायर ती नव्हेच, असं ठरवून मी अख्खा बोर्ड उलटापालटा केला.

वायर तीच होती. पीपीएममध्ये सुमारे दर 20 मिलिसेकंदांनी एक फ्रेम जाते. तिच्यात प्रत्येक चॅनेलसाठी एका पल्सपासून पुढच्या पल्सपर्यंतचं अंतर 1 ते 2 मिलिसेकंदांच्या दरम्यान असतं. स्टिक मधोमध असली की दीड. स्टिक हलवली की हे अंतर बदलतं, पण पल्सची रुंदी तीच, पल्सची संख्याही तीच. फ्रेमची लांबी ठरलेली असेल तर सरासरी व्होल्टेज जिथल्या तिथे, आणि मल्टिमीटर दाखवतो ती सरासरीच. मित्राचा ऑसिलोस्कोप, म्हणजे सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र, आणला आणि दोन मिनिटांत पल्स पडद्यावर सरकताना दिसले. स्कोप नसेल तर साधा लॉजिक अ‍ॅनालायझरही चालतो, फक्त त्याला किती व्होल्ट झेपतात ते आधी बघा.

व्होल्टेज मॉड्यूलसाठीही बघावंच लागतं. जुन्या रेडिओत आठ सेलचा 9.6 व्होल्टचा पॅक असतो आणि काहींमध्ये पीपीएमही त्याच पातळीवर खेळतो. मॉड्यूलमधल्या चिपला बहुधा 3.3 व्होल्टच हवे असतात. माझा सिग्नल 5 व्होल्टचा निघाला; 10 आणि 20 किलोओमचे दोन रेझिस्टर लावून तो खाली आणला. जुन्या आरएफ बोर्डाची बॅटरीची वायर मात्र आठवणीने तोडा. अँटेना काढलेला तो बोर्ड चालू ठेवला तर नुसता तापत बसतो.

मी मल्टिप्रोटोकॉल (वेगवेगळ्या कंपन्यांच्या रिसीव्हरशी जुळणारं) मॉड्यूल घेतलं, कारण त्याला पीपीएम समजतो. सगळ्यांना समजत नाही, घेण्याआधी विचारा. त्यावरचा छोटा डायल 0 वर असेल तर ते पीपीएम सोडून सिरियल या दुसऱ्याच प्रकारच्या सिग्नलची वाट बघत बसतं. डायल फिरवल्यावर पॉवर बंद करून पुन्हा चालू करायची. यात माझी एक संध्याकाळ गेली.

आता मुख्य फजिती. बाइंड झालं, म्हणजे मॉड्यूल आणि विमानातला रिसीव्हर जोडले गेले, सर्व्हो (विमानाचे पंखे-पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) हलले, मी खूश. एलेव्हेटरची (विमानाचं नाक वर-खाली करणारी) स्टिक खाली ओढली, ईएससीने, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटने, बीप दिली. स्टिक सोडली, ती आपसूक मध्ये आली, आणि मोटर अर्ध्या थ्रॉटलवर सुटली. विमान टेबलावरून उडालं आणि प्रॉपेलरने मल्टिमीटरची लाल वायर कापली. माझा रेडिओ पहिल्या चॅनेलवर थ्रॉटल आणि तिसऱ्यावर एलेव्हेटर पाठवत होता. मॉड्यूलला पहिल्यावर एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पट्ट्या) आणि तिसऱ्यावर थ्रॉटल अपेक्षित होतं. चॅनेलचा क्रम कंपनीगणिक वेगळा असतो, हे मला माहीत होतं बरं का. तेव्हा क्रम जुळेपर्यंत प्रॉपेलर काढूनच ठेवा. बोटं थोडक्यात वाचली.

अँटेनाचं एक राहिलं. एसएमए आणि आरपी-एसएमए हे अँटेना जोडायचे कनेक्टर दिसायला जुळे भाऊ. चुकीचा अँटेना आट्यांवर नीट बसतो, पण दोन्ही बाजूंना पिन नसल्याने आत काही टेकतच नाही. रेंज टेस्टला दहा पावलांवर सर्व्हो थांबले तेव्हा मला कळलं. अँटेनाशिवाय मॉड्यूल चालू केलं तर त्याचा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर जाऊ शकतो. माझं नशिबाने वाचलं. उडवताना अँटेनाचं टोक विमानाकडे रोखू नका, टोकाच्या दिशेला सिग्नल सगळ्यात कमी असतो.

फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर विमान काय करतं ते, टेबलावरच तपासा: थ्रॉटल थोडा वर, ट्रान्समीटर बंद, मोटर थांबली पाहिजे. इथेही अर्थात प्रॉपेलर काढलेला.

एवढं करून रेडिओत टेलिमेट्री (विमानाकडून परत येणारी माहिती) येत नाही, चॅनेल सहाचे सातही होत नाहीत. रेसिंग ड्रोन उडवायचा असेल तर सरळ नवा घ्या. निवांत विमानं आणि ग्लायडरला मात्र हा मस्त चालतो.

जुना मीटरभर लांब अँटेना टाकला नाही. टोकाला चुंबक चिकटवलाय; टेबलाखाली गेलेले स्क्रू त्यानेच काढतो.