रानपक्ष्यांची चित्रं काढायची आहेत? आधी बसण्याची ढब पकडा

पक्षीचित्रं शिकायला येणाऱ्यांना मी आधी रंगपेटी बाजूला ठेवायला लावते. दुर्बीण, साधी वही आणि टूबी पेन्सिल पुरते. सरावासाठी ढोकरी, म्हणजे लहानसा भुरा बगळा, निवडा. तळ्याकाठी, भातखाचरात, अगदी गावच्या ओढ्यावरही ती सापडते आणि सावजाची वाट बघत बराच वेळ जागची हलत नाही.

मान आखडून बसलेली ढोकरी चिखलात मिसळून जाते. उडाली की मात्र पांढरेशुभ्र पंख उघडतात आणि तोच पक्षी ओळखू येत नाही. दोन्ही रूपं वहीत उतरवा. विणीच्या दिवसांत तिची पाठ गडद तांबूस होते, म्हणून प्रत्येक पानावर तारीख आणि जागा लिहायचीच. पिसं नंतर. आधी मानेचा बाक आणि शरीराचा तोल साधला पाहिजे.

पायांपाशी बहुतेकांचं अडतं. हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यात रोहित पक्षी बघा. पायाच्या मध्यावर मागे वाकणारा सांधा म्हणजे गुडघा नव्हे, तो घोटा. खरा गुडघा वर, पोटाच्या पिसांत लपलेला असतो. हे एकदा डोक्यात बसलं की चित्रातला पक्षी पायांवर नीट उभा राहतो.

खंड्याची निळाई रंगवताना घाई नको. त्या पिसांत निळं रंगद्रव्यच नसतं. पिसांच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश विखुरतो, म्हणून निळं दिसतं. त्यामुळे उन्हात आणि सावलीत ती छटा वेगवेगळी भासते. मी जलरंगाचे पातळ थर एकावर एक देते आणि उजेडाच्या जागी कागद कोरा सोडते.

फोटो जरूर वापरा, पण पिसांची रचना तपासण्यापुरते. ढब स्वतःच्या रेखाटनातूनच यायला हवी. घरट्याजवळ जाऊन रेखाटन करू नका. पक्षी घरटं सोडून जाण्याचा धोका असतो आणि कुठलंही चित्र त्या किमतीचं नाही.

जहांगीर बादशहाच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरने रंगवलेला सायबेरियन क्रौंच कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहे. त्याच्या चेहऱ्याची उघडी लाल कातडी निरखून बघा. सतराव्या शतकातली ती नजर आजही शिकवते.

आता कामाबद्दल. कॅमेरे इतके सुधारले तरी पक्षी ओळखायच्या पुस्तकांत चित्रं टिकून आहेत, कारण नर, मादी आणि पिल्लू एकाच ढबीत, एकाच उजेडात शेजारी शेजारी दाखवणं चित्रालाच सहज जमतं. याशिवाय अभयारण्यांचे माहितीफलक, मुलांची पुस्तकं, कार्यशाळा अशी कामं मिळतात. सुरुवातीला एवढ्यावर घर चालत नाही, तेव्हा दुसरं उत्पन्न सोडू नका. चित्र किती वेळा आणि कुठे छापणार, मूळ चित्र कुणाकडे राहणार, हे आधीच लेखी ठरवा. नमुने पाठवताना दहा पक्ष्यांपेक्षा एकाच जातीचा पूर्ण संच पाठवा: नर, मादी, पिल्लू, उडतानाचं रूप आणि सोबत तळ्याकाठी केलेल्या रेखाटनाचं मूळ पान. संपादक बहुधा ते पानच आधी बघतात.